सिद्रामप्पांच्या जीपचा कॅम

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मेस्त्री, जन्मभर इंजिनं बांधलीत, त्यातलं काहीही लिहा. फक्त तांत्रिक नको." ही अट मला पाळता येणार नाही. डॉक्टरांना आठवणी लिहायला सांगायच्या आणि आजारांचं नाव काढू नका म्हणायचं, तसलाच हा प्रकार. तेव्हा थोडं तांत्रिक येणार. सोपं करून लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल राशिभविष्याचं पान उघडावं, मला राग नाही.

माझं नाव श्रीनिवास. गॅरेजच्या दुनियेत शिनू मेस्त्री. आमचं घर विणकराचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि गॅरेजमध्ये सगळ्या भाषांतल्या शिव्या, असं माझं शिक्षण झालं. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. मी मागावर उभा राहिलो नाही याचं त्यांना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी फार लांब गेलोच नाही. मागाच्या पोटात एक दांडा फिरतो. त्यावरचे टॅपेट आळीपाळीने धाग्यांच्या चौकटी उचलतात आणि उघडलेल्या जागेतून धोटा पळतो. चौकट उशिरा उचलली गेली की धोटा अडकतो आणि वडील ओरडतात. इंजिनात हेच असतं, फक्त ओरडणारा गिऱ्हाईक असतो.

इंजिनातल्या त्या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात, आम्ही नुसतं कॅम म्हणतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते लोब. लोब फिरत येतो, टॅपेटला ढकलतो आणि टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो. एका व्हॉल्व्हातून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. चार सिलिंडर असले की आठ व्हॉल्व्ह आणि आठ लोब. व्हॉल्व्ह किती उंच उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्या लोबचा आकार ठरवतो. इंजिनात बाकी सगळं तेच ठेवून नुसता कॅम बदलला तरी गाडीचा स्वभाव बदलतो.

आता लोकांची चूक कुठे होते ते सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "मेस्त्री, सगळ्यात मोठा कॅम कोणता?" चपलांच्या दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही. मोठा कॅम म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा. इंजिन वरच्या स्पीडला भन्नाट पळतं, पण खाली, हळू चालताना, त्याच्यात जीवच राहत नाही. उभ्या गाडीत धडधडतं आणि बंद पडतं.

वैरागचे एक बियाण्यांचे व्यापारी मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघून असा एक शर्यतीचा कॅम कुठून तरी घेऊन आले. मी दोनदा नको म्हणालो, तिसऱ्यांदा बसवून दिला. मोकळ्या रस्त्यावर त्यांची जीप सुटली की सुटलीच. पण बाजाराच्या दिवशी पेठेतून जाताना ती दर दहा पावलांवर बंद पडायची. म्हणून हे गृहस्थ उभ्या गाडीतही सारखे रेस देत राहायचे. लोकांना वाटायचं शेठ चिडलेत, म्हणून सगळे बाजूला व्हायचे. आठवडाभर त्यांना ते आवडलंही. मग एक दिवस आले आणि म्हणाले, "मेस्त्री, लोक नमस्कार करायचे बंद झाले. माझी जुनी गाडी मला परत द्या."

तेव्हापासून मी कॅमची निवड करताना गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारतो. गाडीत माणसं किती बसतात, जास्त वेळ कोणत्या गिअरमध्ये असते, आणि ती तुम्हाला नेमकी कुठे दगा देते. पहिल्या दोन प्रश्नांना लोक खोटी उत्तरं देतात. तिसऱ्याला बहुतेक खरं बोलतात.

सिद्रामप्पांनी तिन्ही खरी दिली. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. घरात कानडी, बाजारात मराठी. वय पंचाहत्तरच्या पुढे, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात जुन्या पेट्रोल जीपची किल्ली. मुलगा पुण्यात नोकरीला. तो ही जीप विकून टाका म्हणत होता आणि सिद्रामप्पा त्याला फोनवर नुसतं "हां, हां" म्हणत होते.

"दगा कुठं देते?" मी विचारलं.

"नदीकडच्या रानातनं वर यायचा चढ हाय," ते म्हणाले. "आदी सेकंडमदी झक्कास यायची. आता फस्टमदी बी रडती. मग गौराबाई खाली उतरती आन् चालत चढ चढती. तिचे गुडघे गेल्यात, मेस्त्री. तिनं उतरायला न्हाय पायजे. माझं येवढंच काम हाय."

गौराबाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या जीपमध्येच बसून होत्या. चढाचा विषय निघाल्यावर त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, जणू गुडघे ही त्यांची चूक होती.

मला हे काम फार आवडलं. असं गिऱ्हाईक क्वचित येतं. स्पीड नको, आवाज नको, शेजाऱ्याला दाखवायचं नाही. एक चढ, दुसरा गिअर आणि सोबत बसलेली एक बाई. इंजिन उघडलं तर जुना कॅम झिजून गेला होता, तेव्हा बदलावा लागणारच होता. बदलायचाच तर थोडा सुधारून बदलावा असं मी सुचवलं. आत येणारी हवा थोडी जास्त यावी म्हणून व्हॉल्व्ह किंचित उंच उचलायचा, पण बंद मात्र वेळेवर करायचा, म्हणजे कमी स्पीडला ओढ वाढते. त्याबरोबर नवीन स्प्रिंगा, नवीन टॅपेट, आणि हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण अगदी नखभर घासायचं. झालं. याहून जास्त केलं की जीपचं वय आडवं येतं.

असा कॅम तयार मिळत नाही. नवा साधा कॅम आणायचा आणि त्याचे लोब हवे त्या आकारात घासून घ्यायचे. हे काम सोलापुरात एकच माणूस करायचा, रमजानभाई. त्यांच्या एका खोलीच्या शॉपमध्ये त्यांच्याहून म्हातारं ग्राइंडिंग मशीन होतं. त्या मशीनला आकार दाखवायला एक नमुना लावावा लागतो, त्याला मास्टर म्हणतात. रमजानभाईंनी जन्मभरात केलेले मास्टर भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत आणि प्रत्येकाखाली रंगानं नाव. नंबर नव्हे, नाव. ऊस ओढणाऱ्या गाड्यांसाठी केला होता त्याखाली 'ऊस'. माणसं कोंबून हळूहळू जाणाऱ्या वऱ्हाडाच्या जीपसाठी 'लग्न'. एकावर 'शर्यत' असं लिहिलं होतं आणि त्याच्यावर धूळ सगळ्यात जास्त होती.

त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बाजारात कुजबुज होती. बेअरिंगच्या दुकानात लोक हळूच सांगायचे, रमजानभाईंचं काम आता जरा बघून घ्या. ही कुजबुज त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. मी कॅम घेऊन गेलो तेव्हा ते आपण होऊनच म्हणाले, "शिनूभाई, लोगां क्या बोलते मेरेकू मालूम है. मैं भी बोलके रखा हूँ. जिस दिन मेरा एक काम वापस आया, उस दिन मशीन बंद."

"कुणी बोलत नाही हो," मी म्हणालो.

"तुम भी बोलते होंगे," ते म्हणाले आणि हसले.

कॅमवरून आमचा अर्धा तास वाद झाला. मला 'लग्न' पुरेसा वाटत होता. त्यांनी सिद्रामप्पांच्या चढाची सगळी माहिती विचारून घेतली. चढ केवढा लांब, माती काळी की मुरूम, वर आल्यावर वळण आहे का. मग म्हणाले, 'लग्न' नको, 'ऊस' पण नको, दोघांच्या मधला करतो. त्यासाठी त्यांनी नवा मास्टर बनवला. आठ दिवसांनी गेलो तेव्हा कॅम तयार होता आणि भिंतीवर नव्या खिळ्याला नवा मास्टर, खाली ओल्या रंगात 'चढ'.

आता पुन्हा थोडं तांत्रिक, आणि हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

नवा कॅम आणि नवे टॅपेट यांची पहिल्या वीस मिनिटांत गाठ जुळते. लोब टॅपेटवर प्रचंड दाबानं घासत असतो. त्यांच्या मध्ये तेल हवं, आणि त्या जागी तेल पंपानं जात नाही. खालचा मोठा दांडा, क्रँक, जोरात फिरला की तेल उडतं, ते उडालेलं तेल लोबवर पडतं. म्हणून नवा कॅम बसवलेलं इंजिन चालू केलं की लगेच रेस वाढवायची आणि वीस मिनिटं चढतीच ठेवायची, थोडी कमीजास्त करत. हळू सोडायचं नाही. हळू सोडलं की क्रँक सावकाश फिरतो, तेल उडत नाही आणि कोरड्या लोबची वरची कडक कातडी सोलून निघते. एकदा ती गेली की आतलं लोखंड मऊ, ते पुढे दोनतीन आठवड्यांत आपोआप गळत जातं. बसवताना आम्ही लोबला काळी पेस्ट फासतो, पण ती चार-दोन मिनिटांचीच सोबत. हा नियम मला पहिल्या वर्षी शिकवला गेला आणि नंतर मीच किती जणांना शिकवला, कुणाकुणाला तर पाना उगारून.

आमच्याकडे दुसराही एक नियम आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही. इंजिन बांधून झालं की पहिल्यांदा चालू करताना मालक सहकुटुंब येतो. नारळ, लिंबू, हळदकुंकू, पेढे. काही जण आधी पूजा करतात आणि मग किल्ली फिरवतात, ते बरं असतं. सिद्रामप्पांच्या घरची रीत उलटी. इंजिन आधी चालू करायचं आणि ते चालू असताना ओवाळायचं. सिद्रामप्पांनी कारणही सांगितलं, "मेलेल्याला कोण ओवाळतंय व्हय? जिता झाल्यावर आरती."

त्या दिवशी सकाळी दहाला दोघं आले. गौराबाईंनी इरकली नेसली होती. मी किल्ली फिरवली. इंजिनानं पहिल्या झटक्यात आवाज दिला. मी रेस वाढवली आणि एक डोळा घड्याळावर ठेवला. शेड पत्र्याची, त्यामुळे आवाज भयंकर. गौराबाईंनी तबक घेतलं, विभूती लावली आणि आरती म्हणायला सुरुवात केली. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज काही येत नव्हता.

सिद्रामप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेस्त्री, जरा हळू करा की. तिची आरती देवाला तर ऐकू जाऊ द्या."

आणि मी रेस सोडली.

मी तेव्हा काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगतो. एवढ्या वयाची बाई ओवाळत असताना तिला थांबवणारा मेस्त्री आगाऊ दिसेल, असं वाटलं. पेस्ट आहे, दोन मिनिटं निभेल, असंही वाटलं. आरती दोन मिनिटांचीच असते. पण पंख्याच्या वाऱ्यानं निरांजन विझलं, ते परत लावलं. मग पुण्याच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला इंजिन बघायचं होतं. सिद्रामप्पा मोबाइल बॉनेटवर धरून "दिसायलंय का? आता दिसायलंय का?" असं विचारत जीपभोवती फिरले. रेंज जात होती, येत होती. मुलगा तिकडून म्हणाला, आवाज किती छान हळू येतोय. मी हात जोडून उभा होतो आणि घड्याळाकडे बघत होतो. अकरा मिनिटं झाली.

ते पेढा देऊन चहाला बाहेर गेल्यावर मी पुन्हा रेस वाढवली आणि नियमाप्रमाणे पूर्ण वीस मिनिटं ठेवली. इंजिन गोड चाललं. मी स्वतःला सांगितलं, निभलं.

पहिले पंधरा दिवस चढ सेकंडमध्ये गेला. सिद्रामप्पांनी फोन करून तसं कळवलं. तिसऱ्या आठवड्यात टिकटिक सुरू झाली, मग कार्बोरेटरमधून फाट् फाट्, आणि एक दिवस ते जीप कशीबशी सोलापूरला घेऊन आले. गौराबाई चढावर पुन्हा उतरल्या होत्या.

मी तेल काढलं. तेलात चंदेरी चमक होती. ती चमक म्हणजे घासून निघालेलं लोखंड. कॅम बाहेर काढला. सहा लोब शाबूत, दोन घासून गोल झालेले. सिद्रामप्पा आणि शेजारच्या दोन गॅरेजचे मेस्त्री भोवती उभे होते. सिद्रामप्पांनी ते दोन लोब बोटानं चाचपून बघितले आणि विचारलं, "ह्ये असं कशानं झालं?"

"लोब मऊ निघाले," मी म्हणालो.

"रमजानभाईचे डोळे गेल्यात म्हणत्यात लोकं. खरं हाय का?"

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

वय झालं होतं, यात खोटं काही नव्हतं. दोघे मेस्त्री एकमेकांकडे बघून मान हलवत निघून गेले. दुपारपर्यंत ही बातमी बेअरिंगच्या दुकानात पोहोचली.

सिद्रामप्पा सरळ माणूस. ते भांडायला नाही, पण विचारायला म्हणून रमजानभाईंकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रमजानभाई माझ्याकडे आले. बसले नाहीत. कॅम उचलला, उजेडात नेला, एकेका लोबवरून अंगठा फिरवला. खिशातून बारीक कानस काढून शाबूत लोबवर ओढली. कानस घसरली, म्हणजे पृष्ठभाग कडक होता. मग त्या दोन लोबवर ओढली, तिथे ती लागली, म्हणजे कडक थर निघून गेलेला.

माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चालू करते वक्त रेस पे रखे थे ना?"

एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला. सगळ्या कामातला हा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता आणि ते त्यांना माहीत होतं.

"वीस मिनिटं," मी म्हणालो. "घड्याळ लावून."

ही वीस मिनिटं खरी होती. त्याआधीची अकरा मी सांगितली नाहीत.

त्यांनी मान हलवली. "तो फिर मेराच हाथ. इन दोनों पे ज्यादा घिसा होंगा मैं. दूसरा बनाके देता हूँ."

दहा दिवसांनी दुसरा कॅम स्वतः घेऊन आले. तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेला. चहा नको म्हणाले. "नाप लो," म्हणाले. "मेरे सामने नाप लो." मी मायक्रोमीटर काढला आणि त्यांच्यासमोर आठही लोब मोजले. केसाचा फरक नव्हता. माझ्या आयुष्यात इतकं नेमकं घासलेलं काम मी फार थोडं पाहिलं आहे. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही हे मला समोर आकड्यांत दिसत होतं. मी म्हणालो, "एकदम बरोबर आहे." ते म्हणाले, "ये आखरी." आणि गेले. मी त्यांना हाक मारली नाही. एकदा गेलेला शब्द परत घ्यायला प्रत्येक दिवशी जास्त तोंड लागतं, एवढंच समजलं.

इंजिन पुन्हा बांधलं. सिद्रामप्पा आणि गौराबाई पुन्हा आले, तेच तबक, तीच इरकली. मी किल्लीला हात लावणार तेवढ्यात गौराबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, ह्या खेपंला त्या म्हाताऱ्याच्या डोळ्याला यश दे. त्यानं लई मन लावून केलंय."

मी किल्लीवरचा हात काढला.

"आक्का," मी म्हणालो, "त्यांच्या डोळ्याला काही झालेलं नाही. मागच्या वेळी चूक माझी होती."

आणि मग त्या दोघांना मी हे सगळं सांगितलं, उडणारं तेल, वीस मिनिटं, अकरा मिनिटं. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. शेजारचे दोघे मेस्त्री पूजा आहे म्हणून पेढ्यासाठी आलेले होते, त्यांनीही ऐकलं.

गौराबाई एकदम कानडीत म्हणाल्या, "याक हेळलिल्ल?" मला तेवढी कानडी येते. का सांगितलं नाही, असं विचारत होत्या.

"तुम्ही ओवाळत होता," मी म्हणालो.

सिद्रामप्पांना राग आला होता. त्यांचा राग आवाज चढवत नाही, उलट हळू होतो. "मेस्त्री, आमाला इंजिनातलं काय कळतंय? तुमी थांबा म्हनला असता तर आमी थांबलो असतो. बाहीर जाऊन बसलो असतो. आमी देवाचं करालतो, तुमी इंजिनाचं करायचं की."

एका शब्दाचं काम होतं. मी तो त्यांच्या मानापायी गिळला असं मला वाटत होतं. खरं तर मी आगाऊ दिसू नये म्हणून गिळला होता.

गौराबाईंनी तबक बाकावर ठेवलं आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसल्या. मी इंजिन चालू केलं. वीस मिनिटं आम्ही तिघं मेस्त्री आणि सिद्रामप्पा त्या आवाजात उभे होतो. मग रेस खाली आणली, तेल तपासलं, आणि गौराबाईंना आत बोलावलं. त्यांनी ओवाळलं. या वेळी आरती शेडभर ऐकू आली.

त्यांनी मला रानाकडे घेऊन जायचा आग्रह धरला. तिथला चढ मी तोपर्यंत फक्त ऐकलाच होता. काळ्या मातीतली पाऊणशे पावलांची उभी वाट, वर पोहोचताना डावीकडे वळण. जीप सेकंडमध्ये चढली. न कुरकुरता, एका दमात, आम्ही तिघं आत बसलेलो असताना. वळणावर सिद्रामप्पांना गिअरला हात लावावा लागला नाही. रमजानभाईंनी वळणाचं विचारलं होतं ते उगाच नव्हतं. गौराबाई पुढच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसल्या होत्या. वर आल्यावर त्यांनी दांडी सोडली आणि मागे वळून चढाकडे बघितलं.

गावात परतल्यावर मला एसटीला सोडताना सिद्रामप्पांनी एकच विचारलं, "रमजानभाईकडं कवा जायलाव?"

"आजच," मी म्हणालो.

स्टँडवरून थेट गेलो. शॉप उघडं होतं आणि आत मशीन नव्हतं. जमिनीत चार बोल्टांची भोकं आणि त्यांच्याभोवती तेलाचा काळा चौकोन, एवढंच राहिलं होतं. मला कॅम देऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते भंगारवाल्याला उचलायला लावलं होतं. बोलून ठेवलं होतं तसं केलं. रमजानभाई स्टुलावर बसून भिंतीवरचे मास्टर एकेक काढून पोत्यात घालत होते.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, हातातलं काम थांबवलं नाही.

"कितने मिनट?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"ग्यारा में तो जाताच," ते म्हणाले, एखाद्या शिकाऊ मेस्त्रीला समजावावं तसं. मग पोतं खाली ठेवलं. "शिनूभाई, मैं उस रात कू वो दो लोब फिर फिरके देखा. मेरेकू लग रा था, मैं सही घिसा था. फिर बोला, शिनू बीस मिनट बोलता, शिनू झूठ नै बोलता. तो मेरेच हाथ पे शक किया मैं."

मी म्हणालो, मशीन परत आणू, मी बघतो कुठे गेलंय ते. ते नको म्हणाले. ते आतापर्यंत तुकडे होऊन गेलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी भिंतीवरचा पुढचा मास्टर काढला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मेरेकू बोलके क्या फायदा? जिनके सामने मेरा नाम गया, उनके सामने बोलो."

बेअरिंगच्या दुकानात मी बोललो. गॅरेजांच्या ओळीत बोललो. काही जण ऐकून घेतात, काही जण म्हणतात, मेस्त्री, तुमचं मन मोठं आहे म्हणून दोष अंगावर घेताय. हे ऐकलं की मला जास्त राग येतो. कुजबुज पसरायला एक दुपार लागली होती, ती पुसायला मी वर्षभर फिरतोय. आजही कोणी तरी कुठे तरी म्हणतं, रमजानभाईंची नजर गेली आणि एक कॅम खराब झाला, तेव्हापासून त्यांनी काम सोडलं. म्हणून संपादकांचा फोन आल्यावर मी लगेच हो म्हणालो.

तर जिथे जिथे हा अंक जाईल तिथल्या लोकांनी वाचावं. रमजानभाईंनी सिद्रामप्पांच्या जीपसाठी घासलेले दोन्ही कॅम बिनचूक होते. त्यांची नजर शाबूत होती. पहिला कॅम मी खराब केला, अकरा मिनिटं गप्प उभं राहून, आणि नंतर त्यांनी विचारल्यावर अर्धंच उत्तर देऊन.

रमजानभाईंना मराठी वाचता येत नाही, त्यांच्या मुलीला येतं. अंक छापून आला की मी तो घेऊन त्यांच्या घरी जाणार आहे. ही पानं तिला मोठ्यानं वाचायला सांगणार आहे आणि ती वाचून होईपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहणार आहे.